मालक, वापर आणि भाडे : लहान कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेल्या मोटारीचा करविचार

‘गाडी कंपनीच्या नावाने लीजवर घेतली की कर वाचतो’ हे विधान सोलापूरच्या शुक्रवार पेठेत काय, किंवा अन्य कोणत्याही व्यापारी पेठेत काय, व्यापाऱ्यांच्या बोलण्यात सहज येऊन जाते. विधान वरकरणी सरळ आहे. परंतु त्यातील ‘कंपनी’, ‘नावाने’ आणि ‘लीज’ ह्या तीन शब्दांपैकी एकही शब्द कायद्यात व बोलण्यात एकाच अर्थाने वावरत नाही. आणि कर वाचतो की नाही, वाचलाच तर कोणाचा व किती, हे सर्वस्वी ह्या अर्थांवर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय केवळ लेखापालांचा न राहता भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

प्रथम ‘लीज’ हा शब्दच घ्यावा. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ‘सैल करणे, सोडणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. मराठीत त्यास ‘भाडेपट्टा’ म्हणतात. त्यातील ‘भाडे’ हा संस्कृत ‘भाटक’ शब्दाचा वंशज, तर ‘पट्टा’ हा ज्यावर लेख कोरावयाचा त्या ‘पट्टा’चा, म्हणजे फलकाचा. सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू व उर्दू ह्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळे ह्याच व्यवहारास तेथे आणखी नावे कानी पडतात. तेलुगूत ‘कौलु’ म्हणजे खंडाने घेतलेली जमीन. हा शब्द आणि मराठीतील ‘कौलनामा’ यांचे मूळ एकच, आणि ते अरबी आहे. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’; त्याचाच सोयरा ‘गुत्ता’ मराठीत आला आणि येथे येऊन दारूच्या दुकानापुरता संकोचला. ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ हे शब्दही त्याच गोतातले. ही सगळी शब्दसंपत्ती मुख्यतः जमिनीच्या व्यवहारात घडली. जमीन झिजत नाही. खंडकऱ्याने दहा वर्षे कसली तरी मालकाचे शेत त्याच्या हाती शेताच्याच रूपाने परत येते. मोटार मात्र झिजते. झिजणाऱ्या वस्तूचा पट्टा म्हटला की ती झीज हिशेबात कोणी धरावयाची, हा जमिनीच्या पट्ट्यात न उद्‌भवणारा प्रश्न उभा राहतो, आणि मोटारीच्या करविचारातील निम्मा वाद ह्या एका प्रश्नाचा आहे.

झिजेस आयकराच्या परिभाषेत ‘घसारा’ म्हणतात. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये घसाऱ्याची वजावट मिळण्यास दोन अटी होत्या : वस्तू करदात्याच्या पूर्णतः वा अंशतः मालकीची असावी, आणि ती त्याच्या धंद्याच्या कामी वापरलेली असावी. (त्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ ने घ्यावी अशी तरतूद झाली. नव्या अधिनियमाने ‘पूर्व वर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ ही सामान्य माणसास कायम गोंधळात टाकणारी जोडी काढून टाकून ‘कर वर्ष’ हा एकच शब्द ठेवला, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. कलमांचे क्रमांक बदलले. पण ज्या निर्णयांचा येथे विचार करावयाचा ते जुन्या अधिनियमाखालील असल्याने क्रमांक जुनेच दिले आहेत.) आता भाडेपट्ट्याच्या मोटारीत पंचाईत अशी की, पैसे घातले पट्टा देणाऱ्या वित्तकंपनीने, आणि मोटार चालवितो पट्टा घेणारा. मग ‘मालक’ कोण आणि ‘वापर’ कोणाचा?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम २(३०) मध्ये ‘मालक’ शब्दाची व्याख्या आहे. भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा तारणगहाण ह्यांचा करार असलेल्या वाहनाच्या बाबतीत, त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे तोच मालक, असे ती व्याख्या सांगते. त्यामुळे नोंदणीपुस्तकावर पट्टा घेणाऱ्याचे नाव असणे हे स्वाभाविकच होय. ह्या नावावरून आयकर खात्याने असा निष्कर्ष काढला की, वित्तकंपनी मालक नव्हे, सबब तिला घसारा नाही. आणि ती मोटार स्वतः चालवीत नाही, सबब वापरही तिचा नव्हे. मणिपालच्या आय. सी. डी. एस. लिमिटेड ह्या कंपनीचे प्रकरण ह्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये तो फिरविला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : मोटार वाहन अधिनियमातील व्याख्या ही त्या अधिनियमाच्या प्रयोजनापुरती आहे, तेथे जबाबदार माणूस सापडावा एवढाच तिचा हेतू. आयकरासाठी मालकी कराराच्या शर्तींवरून ठरवावयाची. पट्टा संपल्यावर मोटार परत घेण्याचा व करार मोडल्यास ती ताब्यात घेण्याचा हक्क ज्याने राखून ठेवला तो मालक. राहता राहिला वापर. ज्याचा धंदाच पट्ट्याने मोटारी देण्याचा आहे, त्याने मोटार पट्ट्याने दिली की ती त्याच्या धंद्याच्या कामी वापरली गेली. चाकामागे त्याने स्वतः बसलेच पाहिजे असे नाही.

शब्दार्थाच्या अभ्यासकास हा निकाल मोठा मौजेचा वाटेल. एकच मोटार, एकच दिवस, आणि तिला दोन कायद्यांत दोन मालक! परंतु त्यात विसंगती नाही. ‘मालक’ हा शब्द वस्तूकडे बोट दाखवीत नसून हक्कांच्या एका जुडग्याकडे बोट दाखवितो, आणि प्रत्येक कायदा त्या जुडग्यातील आपल्या कामाची तेवढीच काडी उचलतो. व्यवहारात ह्यावरून निघणारा अर्थ मात्र अगदी रोकडा आहे. खऱ्या भाडेपट्ट्यात घसारा पट्टा देणाऱ्याकडे जातो. पट्टा घेणाऱ्या लहान कंपनीस घसारा मिळत नाही. तिला मिळते ती भाड्याची वजावट, आणि ती कलम ३७ खाली, खर्च ‘पूर्णतः व केवळ’ धंद्यासाठी झाला असल्यास. भाडेही दाखवावयाचे आणि घसाराही, हे चालत नाही. हिशेबशास्त्राच्या मानकाने पट्ट्याची मोटार ताळेबंदात पट्टा घेणाऱ्याकडे दाखवावयास सांगितले तरी आयकरातील घसाऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००१ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते.

मग भाड्याची वजावट घसाऱ्यापेक्षा खरोखरच फायद्याची असते काय? ह्याचे उत्तर गणिताने शोधणे बरे. शुक्रवार पेठेत चादरी व टॉवेल यांचा व्यापार करणारी एक लहान खासगी कंपनी कल्पावी. २२ टक्के दराचा पर्याय तिने स्वीकारला आहे, म्हणजे अधिभार व उपकर धरून तिचा कर २५.१६८ टक्के पडतो. तिला ८,००,००० रुपये किमतीची लहान पेट्रोल मोटार हवी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान मोटारीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो १,४४,००० रुपये धरून किंमत ९,४४,००० होते. नोंदणी, विमा व इंधन दोन्ही पक्षी सारखेच समजून बाजूस ठेवू. पुढील व्याज व भाडे हे आकडे गणितापुरते कल्पिलेले आहेत.

पहिला पक्ष : संपूर्ण रक्कम दहा टक्के व्याजाने चार वर्षांसाठी कर्जाऊ काढून मोटार विकत घेतली. मासिक हप्ता सुमारे २३,९४२ रुपये येतो. मोटार वर्षारंभी घेतली असल्यास पहिल्या वर्षाचा घसारा १५ टक्क्यांनी १,४१,६०० रुपये आणि व्याज सुमारे ८५,३०० रुपये, मिळून वजावट २,२६,९००. (वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, मार्चअखेरीस घाईने गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.) दुसरा पक्ष : तीच मोटार दरमहा १६,००० रुपये भाड्याने चार वर्षांच्या पट्ट्यावर घेतली. भाड्यावर १८ टक्के कर २,८८० रुपये. वर्षाची वजावट २,२६,५६०. दोन्ही आकडे शेजारी ठेवले असता पहिल्या वर्षी ‘लीजचा फायदा’ म्हणून जो सांगतात तो जवळजवळ शून्य ठरतो! फायदा सांगणारा बहुधा भाड्याची तुलना केवळ घसाऱ्याशी करतो आणि व्याज विसरतो.

पुढील वर्षांत मात्र चित्र बदलते. व्याज उतरते, घसाराही उतरत्या शिल्लक किमतीवर असल्याने उतरतो, आणि भाडे तेवढेच राहते. चार वर्षांची बेरीज घेता खरेदीपक्षी घसारा ४,५१,२२६ व व्याज सुमारे २,०५,२१६, एकूण वजावट ६,५६,४४२, भाडेपक्षी ९,०६,२४०. भाडेपक्षाने सुमारे ६२,९०० रुपयांचा कर अधिक वाचविला, हे खरे. परंतु चार वर्षांच्या अखेरीस खरेदीपक्षाच्या दाराशी मोटार उभी आहे आणि तिची घसारा वजा जाता किंमत ४,९२,७७४ रुपये वहीत शिल्लक आहे. भाडेपक्षाची मोटार परत गेली आहे. कर वजा जाता भाडेपक्षाचा निव्वळ खर्च ६,७८,१५८ आणि खरेदीपक्षाचा सुमारे ९,८४,०००, अंतर ३,०५,८००. म्हणजे चार वर्षांनी मोटार तीन लाखांहून बरीच अधिक किमतीस विकली जात असेल तर खरेदी स्वस्त, नसेल तर पट्टा. ह्या हिशेबात पैशाचे काळमूल्य धरलेले नाही. ते धरल्यास पारडे थोडे पट्ट्याकडे झुकते. जुनी मोटार शिल्लक किमतीहून कमी दराने विकली आणि तिच्यावरील कराची वजावट पूर्वी घेतलेली नसली, तर त्या विक्रीवर वस्तू व सेवा कर पडत नाही, हे मात्र खरेदीपक्षाच्या बाजूने नमूद करावयास हवे. निर्णय अशा रीतीने कराच्या दरावर फारसा नसून जुन्या मोटारींच्या बाजारभावावर आहे.

वर भाड्यावरील १८ टक्के कर खर्चातच धरला आहे, आणि त्यामागे कारण आहे. व्यापारी एरवी खरेदीवर भरलेला वस्तू व सेवा कर विक्रीवरील करातून वळता करून घेतो. परंतु केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ ह्याच्या कलम १७(५) ने, चालकासह तेरापर्यंत माणसे बसू शकतील अशा प्रवासी मोटारीवरील कराची ही वळती बंद केली आहे. मोटार विकत घेतली तरी बंद आणि भाड्याने घेतली तरी बंद. अपवाद मोजके : मोटारींचाच पुढे पुरवठा करणारे, प्रवासी वाहतूक करणारे, आणि मोटार चालविण्यास शिकविणारे. चादरींचे गठ्ठे वाहणारा टेम्पो पट्ट्याने घेतला तर त्याच्या भाड्यावरील कर वळता होतो; मालकाची मोटार घेतली तर होत नाही. ‘वाहन’ हा शब्द दोहोंना सारखाच लागतो; भेद ‘माणूस’ आणि ‘माल’ ह्या दोन शब्दांतला आहे. वित्तकंपनी मात्र मोटार पुढे पट्ट्याने देत असल्याने तिला खरेदीवरील कर वळता करून मिळतो. म्हणूनच वरील उदाहरणात तिचे भाडे कर सोडून असलेल्या किमतीवर आकारलेले कल्पिले आहे.

पट्ट्याचे मूळ स्वरूप काय, विक्री की सेवा, ह्याचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मद्रासमध्ये १९७३ साली फर्स्ट लीझिंग कंपनी निघाली तेव्हापासून हा धंदा भारतात रुजला. मोटारींचे नाव निघाले म्हणून सहज आठवते की, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापणारे वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरातच जन्मले. पट्ट्यात मालकी हस्तांतरित होत नसल्याने राज्यांचा विक्रीकर त्यास लागेना. तेव्हा १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘वस्तू वापरण्याच्या हक्काचे हस्तांतरण’ हीही मानीव विक्रीच, असे ठरविले, आणि महाराष्ट्राने १९८५ साली त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. त्याखाली वाद आला तो असा : करार मुंबईत, यंत्र भलत्याच राज्यात, तर कर कोणाचा? ट्वेंटिएथ सेंच्युरी फायनान्स कॉर्पोरेशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली बहुमताने सांगितले की, कर ‘वापरा’वर नसून ‘वापरण्याच्या हक्काच्या हस्तांतरणा’वर आहे, सबब लेखी करार जेथे झाला ते स्थळ निर्णायक. एका षष्ठी विभक्तीने करोडोंचा महसूल इकडून तिकडे जावा, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. २०१७ पासून हाच व्यवहार ‘सेवा’ ठरला. तथापि दर मात्र त्या वस्तूच्या विक्रीस जो असेल तोच लावावयाचा. सेवेच्या अंगावर वस्तूचा अंगरखा, असा हा प्रकार आहे.

आता ‘कंपनी’ ह्या शब्दाकडे वळावे. पेठेतील बोलण्यात ‘माझी कंपनी’ म्हणजे ‘मी’च असतो. कायद्यात कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, आणि मोटारीच्या बाबतीत ह्या भेदाचे परिणाम चमत्कारिक होतात. एकट्याच्या वा भागीदारीच्या पेढीत मोटार घरच्या कामासही वापरली जात असेल, तर कलम ३८(२) खाली निर्धारण अधिकारी खर्चाचा काही वाजवी हिस्सा नाकारू शकतो. कंपनीच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंग कंपनीच्या प्रकरणी २००२ साली असे म्हटले की, कंपनी ही कृत्रिम व्यक्ती. तिला घर नाही, लग्नकार्य नाही, देवदर्शन नाही. तेव्हा तिचा ‘वैयक्तिक वापर’ असूच शकत नाही. (दृष्टान्त येथील, आशय न्यायालयाचा.) संचालकाने मोटार खाजगीकडे वापरली तर ती त्यास मिळालेली सवलत होय, आणि तिचा विचार त्याच्या उत्पन्नात करावयाचा.

खरा करलाभ आहे तो येथे. संचालक हा कंपनीचा पगारदार असेल तर मोटारीची सवलत ही ‘परिलब्धी’ ठरते, आणि तिचे मूल्य प्रत्यक्ष खर्चावरून न काढता ठरीव रकमेने काढतात. १९६२ च्या नियमावलीतील नियम ३ प्रमाणे, २००९ सालच्या दुरुस्तीनंतर, काही कंपनीच्या व काही खाजगी कामास वापरलेल्या आणि सर्व खर्च कंपनीने सोसलेल्या मोटारीचे मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनास दरमहा १,८०० रुपये, त्याहून मोठ्यास २,४००, आणि चालक दिला असल्यास ९०० अधिक, असे होते. आपल्या उदाहरणात चालक नसेल तर वर्षाचे मूल्य २१,६०० रुपये. तीस टक्के दराच्या संचालकास उपकरासह कर ६,७३९ रुपये पडतो. उलट कंपनीने त्याच मोटारीपायी भाड्याचेच सव्वादोन लाख वजा घेतलेले असतात. नवीन अधिनियमाबरोबर नियमावलीही नवी येत असल्याने पुढील वर्षांसाठी रकमा तिच्यावरून ताडून घ्याव्यात; तत्त्व मात्र पाहण्याजोगे आहे. नियमात मोटार कंपनीच्या ‘मालकीची किंवा भाड्याने घेतलेली’ असे शब्द होते. म्हणजे हा लाभ पट्ट्याचा नव्हे, कंपनीचा आहे. विकत घेतलेल्या मोटारीसही तो तेवढाच मिळतो. संपूर्ण वापर कंपनीच्या कामाचा असल्यास मूल्य शून्य धरीत. पण त्यासाठी दर फेरीची तारीख, ठिकाण व अंतर यांची नोंदवही आणि कंपनीचे प्रमाणपत्र लागे. जो संचालक पगारदार नाही, त्यास ठरीव मूल्याचा आसरा नाही. त्यास मिळालेल्या लाभाची खरी किंमतच उत्पन्नात धरली जाण्याचा धोका असतो. कुटुंबाच्या लहान कंपन्यांत पत्नी अथवा वडील नावापुरते संचालक असतात आणि मोटार त्यांच्याकडे असते, तेथे हा धोका विशेष.

काही घरी ह्याच्या उलट व्यवस्था दिसते : मोटार संचालकाच्या स्वतःच्या नावे, आणि भाडे देते ती कंपनी. असे भाडे संचालकाच्या हाती बहुधा इतर मार्गांचे उत्पन्न म्हणून करपात्र होते व त्यातून घसारा वजा मिळतो. कंपनीकडे मात्र ते बाजारभावाहून अधिक असल्यास जादा भाग कलम ४०अ(२) खाली नाकारला जातो. कंपनीने आपलीच मोटार वित्तकंपनीस विकून परत पट्ट्याने घेण्याची युक्ती पूर्वी फार चाले. १ ऑक्टोबर १९९६ पासून अशा व्यवहारात पट्टा देणाऱ्यास मूळ विक्रेत्याच्या वहीतील शिल्लक किमतीवरच घसारा मिळू लागला, आणि तिचे तेज गेले.

उगमस्थानी करकपातीचा भाग थोडक्यात आटोपतो. यंत्रसामग्रीच्या भाड्यावर दोन टक्के कपात आहे. १ एप्रिल २०२५ पासून महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांच्या पुढे गेल्यास ती करावयाची. एक मोटार घेणाऱ्यास ती लागू होत नाही. एकाच वित्तकंपनीकडून अशा चार मोटारी घेणाऱ्यास होते. मोटार ही ‘यंत्रसामग्री’ कशी, असे कोणी विचारील. १९६१ च्या अधिनियमाने, धंद्याच्या उत्पन्नाच्या प्रकरणापुरती का होईना, ‘प्लँट’ ह्या शब्दात जहाजे, वाहने, एवढेच नव्हे तर पुस्तकेही घातली होती!

उरतो तो कराराचा मसुदा. बाजारात ‘लीज’ म्हणून सही होणारे सर्वच कागद लीज नसतात. शेवटच्या हप्त्यानंतर मोटार नाममात्र रकमेस पट्टा घेणाऱ्याचीच होईल, असे कलम आत असेल तर तो भाडेखरेदीचा किंवा कर्जाचाच करार आहे, असे म्हणण्यास आयकर खात्यास जागा मिळते. तसे ठरल्यास सबंध भाड्याची वजावट जाते आणि घसारा व व्याज एवढेच हाती राहते. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीनेही मालकी पुढे जाणार असे ठरलेला करार सेवेचा न राहता वस्तूच्या पुरवठ्याचा होतो, आणि कर हप्त्याहप्त्याने न पडता आरंभी पडतो. आणखी एक आढळणारी तऱ्हा म्हणजे पट्ट्याच्या अखेरीस कंपनीने मोटार स्वस्तात घेऊन ती संचालकास देणे. कंपनीने कर्मचाऱ्यास दिलेल्या मोटारीचे मूल्य, कंपनीस पडलेल्या किमतीतून वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षास उतरत्या शिलकेवर वीस टक्के वजा करून काढण्याचा नियम होता, आणि त्याहून कमी पैसे घेतल्यास फरक परिलब्धीत मोजला जाई. तेव्हा सही करण्यापूर्वी कागदाचा मथळा न वाचता, मुदत संपल्यावर मोटारीचे काय व्हावयाचे हे सांगणारे कलम आधी वाचावे. ‘परत करील’ आणि ‘घेऊ शकेल’ ह्या दोन क्रियापदांपैकी तेथे कोणते आहे, ह्यावर वरील सारा हिशेब फिरतो.